दादूने पाजलेले तेल

गुरुवारी सकाळी पावणेनऊ वाजता पवईच्या उतारावर माझे ब्रेक लागले नाहीत.

पुढे जीप होती, तिच्यामागे मी होतो आणि माझ्या पाठीवर बोट होती. जीपने वेग कमी केला. मी केला नाही. मी जीपला मागून ढकलत नेले, मग माझा मागचा भाग उजवीकडे फेकला गेला आणि मी शेजारच्या रांगेत आडवा झालो. त्या रांगेत शाळेची बस होती. बसच्या चालकाने ब्रेक दाबला. त्याचा लागला. माझा मागचा दिवा आणि बसची पुढची काच यांच्यात हातभर अंतर राहिले. कोणालाही इजा झाली नाही.

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेली, दुसऱ्या गाडीने ओढून न्यायची गाडी. माझे काम एकच. बोट पाण्यापर्यंत पोचवायची आणि पाण्यातून परत आणायची. त्या सकाळी ते काम कधी नव्हते इतके निकडीचे होते. मनोरीच्या खाडीत दादूची होडी उलटी सापडली होती. दादू सापडला नव्हता.

दादू कोण, ते सांगतो. जे मी पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे कानावर आले ते कानावर आले म्हणून. एवढे पथ्य मला पाळायचे आहे, कारण त्या दिवशी धक्क्यावर अर्धवट ऐकून पूर्ण सांगणारे पुष्कळ होते.

माझा जन्म गोवंडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझा सांगाडा नव्या लोखंडाचा आहे, पण मधला आडवा दांडा एका मोडीत निघालेल्या टेम्पोचा आहे. शेवटचा सांधा जोडून झाल्यावर वेल्डरने मला एक सणसणीत लाथ मारली. मी हललो नाही. तीच माझी परीक्षा आणि तेच प्रमाणपत्र. मग मला भगव्या रंगाचा गंजरोधक हात दिला, वर निळा रंग चढवला आणि मुलुंडला पाठवले.

मुलुंडला एका पावसाळ्यात काही इमारतींच्या तळमजल्यात छातीइतके पाणी शिरले होते. तेव्हा तिथल्या नोकरदार मंडळींनी एक पूर-मदत तुकडी उभी केली. रेवती तिची प्रमुख. ती बँकेत अधिकारी आहे, कमी बोलते आणि बोललेले बदलत नाही. दुसरा अनिरुद्ध. तो महाविद्यालयात शिकवतो आणि रेवती जेवढे कमी बोलते तेवढे भरून काढतो. त्यांनी एक चपट्या तळाची बोट घेतली. तिला खाली पंखा नाही. ती पाणी ओढून मागे फेकते आणि त्या जोरावर पुढे जाते, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही चालते. बोट घेऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की ती चालवता कोणालाच येत नाही. म्हणून मनोरीच्या कोळीवाड्यातून दादूला आणले. पुढे त्याने रेवतीलाही ती चालवायला शिकवले.

दादू साठी उलटलेला, बुटका, खांद्याने रुंद. कमरेला लाल रुमाल. आठवडाभर तो मुलुंडच्या शेडमध्ये आमच्यासोबत राहायचा आणि सुटीला घरी जाऊन स्वतःच्या लहान होडीतून खाडीत जाळे टाकायचा. घरी त्याची बायको चंपा. शेडमध्ये त्याने तिला केलेले फोन मी ऐकले आहेत. दोघे रोज भांडायचे, तेही काय शिजवले यावरून.

मला मागे घेणे अवघड असते. पुढच्या गाडीचे चाक डावीकडे वळवले की मी उजवीकडे जातो. पहिल्या दिवशी रेवतीने मला शेडच्या दारावर, मग भिंतीवर आणि मग पुन्हा दारावर नेले. दादू बाजूला विडी ओढत उभा होता.

"बाय," तो शेवटी म्हणाला, "ही गाडी सासूसारखी हाय. जिकडं जा बोलशील त्याच्या उलट जानार. मंग तू उलटंच बोल ना."

रेवती हसली आणि मी एकदाचा दारातून आत गेलो.

पुढची वर्षे चांगली गेली. पावसाळ्यात रस्त्यांच्या नद्या झाल्या की मी बोट घेऊन जायचो. म्हाताऱ्या, बाळंतिणी, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट, अशी सगळी मंडळी बोटीतून कोरड्या जागी आली. लोक बोटीबरोबर फोटो काढायचे. बोटीला हार घालायचे. मी खाली चिखलात उभा असायचो. माझी तक्रार नाही. पायाखालच्या पाटाला कोणी हार घालत नाही.

पण दादू घालायचा. हार नव्हे, पाणी. खाडीवरून परत आलो की आधी मला गोड्या पाण्याने धुवायचे आणि मग स्वतः चहा प्यायचा, हा त्याचा नेम होता. अनिरुद्ध एकदा म्हणाला, "दादूकाका, उद्या धुवा ना, दमलात." दादू म्हणाला, "खारा पानी म्हंजे लोखंडाची वाळवी. वाळवीला उद्या बोलून चालतं काय?" माझ्या वयाचे इतर ट्रेलर केव्हाच भंगारात गेले. मी उभा आहे तो त्याच्या हातामुळे.

मला आधी ब्रेक नव्हते. बोट हलकी होती तोवर जीपच्या ब्रेकवर भागत होते. गेल्या उन्हाळ्यात बोटीला नवे, मोठे इंजिन बसवले आणि माझ्या पाठीवरचे ओझे वाढले. मग मला अंधेरीत, मरोळला, प्रितमच्या वर्कशॉपमध्ये नेले. प्रितम आणि रेवती घाटकोपरला शाळेत एका वर्गात होते. त्याच्याकडे अवजड गाड्यांचे ब्रेक दुरुस्त होतात. त्याच्या टेबलामागे बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत लिहिले आहे : घाई असेल तर दुसरीकडे जा.

त्याने माझ्या दोन्ही चाकांत ब्रेक बसवले. ते कसे काम करतात ते सोपे आहे. चाकाबरोबर एक लोखंडी वाटी फिरते, तिला ड्रम म्हणतात. तिच्या आत दोन कमानी असतात आणि त्या कमानींवर खरखरीत पट्ट्या असतात. त्यांना लायनर म्हणतात. पुढची गाडी मंदावली की माझे वजन पुढे रेटते, त्या रेट्याने माझ्या तोंडाशी असलेला दांडा मागे सरकतो, तार ओढली जाते आणि लायनर ड्रमला आतून घट्ट धरतात. उभा असताना धरून ठेवायला एक हातब्रेकही दिला. सगळा खेळ खरखरीतपणाचा आहे. लायनर कोरडे हवेत. त्यांना तेलाचा थेंब चालत नाही.

हे प्रितमने चाक उघडून सगळ्यांना दाखवले. रेवती होती, अनिरुद्ध होता, तुकडीतले आणखी चारजण होते. चहा झाला. दादू तेव्हा बाहेर नळावर बोट धूत होता.

निघताना रेवती त्याला म्हणाली, "दादूकाका, ब्रेक बसवलेत हां नवीन. नाजूक काम आहे. काळजी घ्या."

"घेतो ना, बाय," दादू म्हणाला.

आणि त्याने घेतली.

नारळी पौर्णिमेला कोळी आपली होडी सजवतात आणि समुद्राला नारळ देतात. दादूच्या घरी आणखी एक रीत होती. सणाआधी होडीच्या लाकडाला मुशीचे तेल पाजायचे. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क मासा. त्याच्या तेलाने लाकूड खारे पाणी पीत नाही आणि लोखंडाला गंज चढत नाही. या वर्षी दादूने घरून तेलाची बाटली मुलुंडला आणली. शेडमध्ये कोणी नव्हते. त्याने बोटीला कुंकू लावले, मला लावले, माझा सांगाडा पुसून काढला. मग मला ठोकळ्यांवर उचलून चाके उतरवली आणि ड्रम काढले. आतल्या नव्या सामानावरून त्याने बोट फिरवून पाहिले.

"सगलं कोरडं ठेवलंय मेल्यांनी," तो म्हणाला.

त्याने फडक्याने, बोटाने, कोपऱ्याकोपऱ्यात तेल पाजले. सांध्यांना पाजले, तारेला पाजले, लायनरना पाजले. लायनर सच्छिद्र असतात. ते पीत राहिले. तो पाजत राहिला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले. इतक्या आतपर्यंत माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते.

त्यानंतर पाऊस ओसरला. मी शेडबाहेर पडलो नाही. दादू सुटीला मनोरीला गेला. आणि नवरात्र आठवड्यावर आले असताना त्या गुरुवारी सकाळी चंपाचा फोन रेवतीला आला.

आता पुन्हा पवईच्या उतारावर येतो. रेवतीने जीप बाजूला घेतली. शाळेच्या बसमधली मुले काचेला नाके लावून बघत होती. बसचा चालक खाली उतरून एवढेच म्हणाला, "बाई, पोरं आहेत आत." रेवतीने मान हलवली.  मग जीप माणसाच्या चालीने, दिवे लुकलुकवत, मला घेऊन मरोळला आली.

प्रितम एका ट्रकखालून बाहेर आला. "काय गं, वाट लावलीस का माझ्या कामाची?"

"ब्रेक लागत नाहीत," रेवती म्हणाली. "दादूकाकांची होडी उलटली आहे. पहाटेपासून सापडत नाहीत ते. आम्हाला मार्वेला पोचायचंय."

प्रितमने पाना उचलला. त्याने मला उचलले, चाक काढले, ड्रम ओढला. एक वास वर्कशॉपभर पसरला. ग्रीसच्या, रबराच्या वासात वाढलेली माणसे तिथे. तरी सगळ्यांनी माना वळवल्या.

"मासे?" अनिरुद्ध म्हणाला.

प्रितमने लायनरवरून बोट फिरवले, नाकाशी नेले आणि रेवतीकडे पाहिले. रेवतीला कळले होते. शेडमधली बाटली तिने पाहिली होती. ती होडीसाठी असेल, असे तिला वाटले होते.

"पुसून काढ ना पेट्रोलने," अनिरुद्ध म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"वरचं जाईल. आत प्यायलेत ते. उतारावर गरम झाले की परत सोडतील."

"मग हळू नेऊ. आत्ता आलो ना इथपर्यंत? रेवती, आता सपाट रस्ता आहे पुढे."

"सपाट?" प्रितम म्हणाला. "एक फ्लायओव्हर धर आणि खाली उतरताना रिक्षा आडवी आली असं धर. आणि मार्वेला धक्क्याचा उतार आहे. तिथे बोट सोडताना ट्रेलर थांबला नाही तर जीपसकट पाण्यात. मग कोणाला शोधायचं?"

"तू मला शिकवू नकोस रे. त्या माणसाने मला पोहायला शिकवलंय. अडतिसाव्या वर्षी. लोक हसत होते तलावावर, आणि तो पाण्यात उभा राहून माझ्या पोटाखाली हात धरून होता. मी इथे बसून राहू?"

 तेवढ्यात रेवतीचा फोन वाजला. चंपाचा होता. रेवतीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. चंपा मनोरीहून तरीने खाडी ओलांडून मार्वेच्या धक्क्यावर आली होती. ती ओरडत नव्हती. म्हणूनच ऐकवत नव्हते.

"रेवतीबाय, निंगलात ना? हितं आमच्या होड्या फिरतान, अग्निशमनवाले पन आलेत. पन पानी वसरायला लागला. घंट्या-दोन घंट्यात तिवरांच्या आतली खाडी चिखल व्हते. मंग कोनाची होडी आत जानार नाय. तुमचीच जाते. आमचे आतच असतील, मला म्हाईत हाय. ते लांब जात नाय हल्ली, गुडगा दुखतो त्यांचा."

तिवर म्हणजे खाडीकाठी चिखलात उगवणारी झाडे. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात ओहोटीच्या वेळी हातभर पाणी उरते. तिथे आमचीच बोट जाऊ शकत होती, आणि ती माझ्या पाठीवर होती आणि माझे एक चाक जमिनीवर पडले होते. जन्मभर मी निघा म्हटले की निघालो. त्या दिवशी निघायला सगळ्यात घाई मला होती आणि अडवून मीच धरले होते.

"निघतोय, मावशी," रेवती म्हणाली. "ट्रेलरचं थोडं काम निघालंय. ते झालं की लगेच."

"काय झाला त्याला? आमच्यांनी तर आताच सनाला..." चंपाचा आवाज तिथे तुटला. लाइन गेली की तिला हुंदका आला, ते मला कळले नाही.

रेवतीने फोन खाली ठेवला. "ब्रेक झाल्याशिवाय निघायचं नाही," ती म्हणाली. "सकाळी त्या बसमध्ये पहिली-दुसरीतली मुलं होती. प्रितम, लायनर आहेत?"

"या मापाचे नाहीत. कुर्ल्याला मिळतील. राजेशला पाठवतो." राजेश त्याचा कारागीर. तो मोटरसायकलवर बसून गेलासुद्धा.

"किती वेळ?"

"मला विचारू नकोस, यार. मी तोवर दुसरं चाक उघडतो."

मग वाट पाहणे सुरू झाले. प्रितमने ड्रम पेट्रोलने धुतले, पुसले, पुन्हा धुतले. तारेची नळी फुंकून काढली. अनिरुद्ध फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे बघे, परत येई, पुन्हा जाई. राजेशचा फोन आला की पहिल्या दुकानात माप नाही. मग आला की मिळाले, पण साकीनाक्याला गाड्या हलत नाहीत. रेवतीने दोन टेम्पोवाल्यांना फोन करून पाहिले. बोट टेम्पोत मावत नव्हती आणि उचलायला क्रेन नव्हती. तिने अग्निशमनच्या माणसाशीही बोलून पाहिले. तो सभ्यपणे म्हणाला की त्यांच्या बोटी बाहेरच्या खाडीत आहेत आणि आत पाणी कमी होत आहे. हे तिला आधीच माहीत होते.

"मी बाटली पाहिली होती," ती प्रितमला म्हणाली. "विचारलं नाही."

प्रितमने मान वर केली नाही. "मी सहा जणांना ड्रम उघडून दाखवला. त्या सहा जणांतलं कोणी आयुष्यात ड्रम उघडणार नव्हतं. जो उघडणार होता तो नळावर होता. आणि आपण सगळे चहा पीत होतो."

"हे मावशींना..."

"नाही सांगायचं. आज तरी नाही."

अनिरुद्ध फाटकाशी होता, तरी त्याने ऐकले. तो परत आला, खाली बसला आणि प्रितमच्या हातातला पाना घेऊन नट सोडवू लागला. त्यानंतर तो निघण्याचे बोलला नाही.

राजेश आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. नवे लायनर कमानींवर ठोकून बसवले, ड्रम चढवले, तार ताणली, चाके लावली. बाहेरच्या गल्लीत प्रितमने मला जीपला जोडून दोनदा पळवले आणि दोनदा थांबवले. मी थांबलो. पहिल्यांदा थांबलो तेव्हा आतून खरखर असा आवाज आला. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. प्रितमने हात न धुता जीपमध्ये उडी मारली. नव्या कामावर लक्ष ठेवायला तो बरोबर यायला हवा होता.

दुपारी दीडनंतर आम्ही मार्वेला पोचलो. खाडीचे पाणी बरेच खाली गेले होते. कोळ्यांच्या तीन होड्या काठाशी चिखलात बसल्या होत्या आणि त्यांतली माणसे बाजूला चिखलात उभी होती.  रेवतीने मला उलटे घ्यायला सुरुवात केली. चाक उलट बाजूला वळवले, एका दमात मी सरळ उतारावर गेलो. तिला सासू आठवली असेल. प्रितमने हातब्रेक खेचला. माझी चाके अर्धी पाण्यात होती, पाठीवर सगळे ओझे होते आणि उतार खाली ओढत होता. मी धरून राहिलो. बोट घसरत पाण्यात गेली. रेवती आणि अनिरुद्ध चढले, मनोरीचा एक कोळी वाट दाखवायला चढला आणि बोट तिवरांकडे वळली. थोड्या वेळाने तिचा आवाजही ऐकू येईना.

माझे काम तिथे संपले. तिवरांत पुढे काय झाले ते मी पाहिलेले नाही.

प्रितमने मला जीपने वर काढून धक्क्याच्या कडेला, नळाजवळ उभे केले. चंपा तिथेच एका पालथ्या टोपलीवर बसली होती. पदर घट्ट खोचलेला, केसांत कालची अबोली. ती उठली. नळावर बादली भरली आणि माझ्या चाकांवर ओतली. मग दुसरी. मग तिसरी.

"मावशी, राहू द्या," प्रितम म्हणाला. "मी करतो."

"तू बस. यांची पद्धत तुला नाय जमायची. आधी चाकं, मंग दांडा, मंग साखली." ती ओतत राहिली. "आल्याआल्या इचारतील, धुतला काय त्याला. मी काय सांगू? माझ्यावर वराडतील."

धुऊन झाल्यावर तिने टोपलीखालून पिशवी ओढली आणि पिशवीतून बाटली काढली. पिवळट, दाट तेल. मी ती बाटली ओळखली. अर्धी रिकामी होती.

"घरी होती उरलेली," ती म्हणाली. "सकाळी हातात काय घेऊ, काय नाय, सुचंना. हीच घेतली. तुमच्या गाडीचा काम निंगला बोलला ना. म्हटला, तेल कमी पडला असंल." तिने पदराचे टोक तेलात बुडवले आणि माझ्या डाव्या चाकाशी वाकली.

प्रितमने तिचा हात धरला. जोरात नाही.

"चाकाला नको, मावशी."

"का? ते तर चाकालाच आधी लावतान. सनाला सगला उगडून आतपर्यंत लावलं त्यांनी, मला फोनवर सांगितला. बोलले, तुझ्यापरीस जास्त तेल आज त्यालाच पाजला."

प्रितमने एकदा खाडीकडे पाहिले. तिथे काहीच दिसत नव्हते.

"आत नवीन सामान बसवलंय," तो म्हणाला. "त्याला तेल चालत नाही. ते कोरडंच ठेवायचं असतं."

चंपा त्याच्याकडे बघत राहिली. तिला किती कळले, ते मला सांगता येणार नाही. तिने हात सोडवून घेतला नाही.

"हे त्यांना कोनी सांगितला नाय," ती म्हणाली.

"नाही."

"मंग सांगायला पायजे."

"सांगतो ना. आले की मीच सांगतो. चाक उघडून दाखवतो त्यांना."

"वराडतील तुझ्यावर."

"ओरडू दे."

चंपाने तेलाचा पदर माझ्या बाहेरच्या दांड्यावर फिरवला. तिथे तेल चालते. ती सावकाश, टोकापासून टोकापर्यंत तेल लावत गेली आणि प्रितम तिच्यामागून बाटली धरून चालत राहिला.

मित्रांनो, मला त्यांच्याशी बोलता येत नाही म्हणून तुम्हाला सांगतो आहे. माझी काळजी घ्या, मला गोड्या पाण्याने धुवा, हे तर मागतोच. पण माझ्यापेक्षा, माझी काळजी घेणाऱ्या माणसाला आधी विचारा. नुसते काळजी घे म्हणून पुढे जाऊ नका. तो बाहेर नळावर असेल तर त्याला आत बोलवा, त्याच्यासाठी थांबा, चाक उघडून दाखवा, आणि मग चहा प्या. त्याच्या हातात जीव असतो. त्या हाताला काय चालते आणि काय नाही, हे सांगायला फार वेळ लागत नाही. न सांगितल्याने किती लागतो, ते मी त्या गुरुवारी मोजले.

शेवटची बातमी अशी. साडेचारच्या सुमारास प्रितमचा फोन वाजला. फोन अनिरुद्धचा होता, आवाज तुटत होता. बोट तिवरांच्या आत, जिथे इतर होड्या गेल्या नव्हत्या तिथे आहे. माणूस दिसलेला नाही. हाकेला उत्तर आलेले नाही. भरती सुरू झाली आहे आणि उजेड आहे तोवर ते पुढे जाणार आहेत. एका फांदीला लाल रुमाल सापडला आहे. तो अडकलेला नाही, बांधलेला आहे, दुहेरी गाठ मारून.

"भिजलाय काय?" चंपाने विचारले. "इचार त्याला. सुका असंल तर पानी वसरल्यावर बांधलाय त्यांनी."

प्रितमने विचारले. पलीकडे अनिरुद्धने रेवतीला बोट फांदीजवळ न्यायला सांगितले.

रुमाल कोरडा आहे.